इंग्रजी आठ आणि वारा : वैमानिक-शिक्षणातील एका प्रकरणाचा इतिहास

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस सुमारे नऊ किलोमीटर अंतरावर उजळाईवाडीचा विमानतळ आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९३९ साली, तो सुरू झाला. पुढे दहा वर्षांनी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी काळातील शिक्षणप्रसार, रेल्वे, राधानगरीचे धरण यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विमानतळाचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपला जातो. त्या ओळीत विमानतळ म्हणजे धावपट्टी व इमारत एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. वस्तुतः विमानतळाला आणखी एक इतिहास असतो, आणि तो विद्येचा असतो. माणूस आकाशात गेल्यावर जमिनीकडे कसा पाहतो, आणि हे पाहणे त्याला कोणी व कसे शिकविले, हा तो इतिहास होय.

या विद्येतील एकाच प्रकरणाचा विचार येथे करावयाचा आहे. नवशिक्या वैमानिकाला जमिनीपासून सहाशे ते हजार फुटांवर नेऊन एखादा रस्ता, एखादे झाड अथवा शेताची चौकट ही खूण धरावयास सांगतात, आणि त्या खुणेच्या अनुरोधाने जमिनीवर ठराविक आकृती उमटेल असे विमान चालवावयास लावतात. आयताच्या चार बाजू, रस्त्याच्या दोन्ही अंगांस पडणारी सारखी अर्धवर्तुळे, एका बिंदूभोवतीचे वर्तुळ आणि दोन बिंदूंभोवती काढलेला इंग्रजी आठ या त्यांतील मुख्य आकृती. विमान हवेत असते व हवा स्वतः वाहत असते. म्हणून आकृती बिघडविणारा वारा ओळखून त्याची भरपाई करणे हे या अभ्यासाचे मर्म होय. यास भूलक्ष्यी उड्डाण म्हणता येईल. या प्रकरणाच्या इतिहासात क्रम उलटा लागलेला दिसतो. परीक्षा आधी आली आणि शिक्षण मागाहून आले. या उलट्या क्रमाची किंमत विद्यार्थ्यांना पुष्कळदा प्राणांनी मोजावी लागली.

परीक्षेपासूनच प्रारंभ करावा हे उचित. विमान उडू लागल्यावर थोड्याच वर्षांत, वैमानिक कोणाला म्हणावे, असा प्रश्न उभा राहिला. आंतरराष्ट्रीय वैमानिक संघाने १९१० च्या सुमारास त्याचे जे उत्तर दिले ते मोठे साधे होते. एकमेकांपासून पाचशे मीटरांहून अधिक दूर नसलेले दोन खांब रोवावे. उमेदवाराने त्यांच्याभोवती पाच किलोमीटरांची फेरी करावी. प्रत्येक खांबाशी दिशा बदलावी, म्हणजे जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यांची अखंड मालिका उमटेल. मराठी आठचा आकडा येथे कामाचा नाही, कारण तो स्वतःला छेदून मूळ जागी परत येत नाही. डावे वळण आणि उजवे वळण दोन्ही साधतात किंवा नाही हे परीक्षकाला खाली उभे राहून पाहता यावे, एवढाच या आकृतीचा मूळ हेतू असावा. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय विमान-वाहतुकीचा जो करार झाला, त्यातही हीच कसोटी कायम राहिली. पाचशे मीटर अंतरावरील दोन खांबांभोवती, जमिनीपासून दोनशे मीटरांच्या आत राहून, मध्ये न उतरता पाच आठ काढणे, आणि त्यानंतर पूर्वी ठरविलेल्या बिंदूपासून पन्नास मीटरांच्या आत उतरणे, असे तिचे स्वरूप होते. हिंदुस्थान त्या कराराचा एक स्वतंत्र स्वाक्षरीकर्ता होता. त्यामुळे हे दोन खांब इकडील वैमानिक-शिक्षणाच्याही पायाशी रोवले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

तोपर्यंत हिंदी तरुणाला उडावयास शिकण्यासाठी परदेशी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. महायुद्धात ब्रिटिश विमानदलात दाखल झालेले आणि ३० जून १९१८ रोजी मृत्यू पावलेले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे अशांपैकीच एक. १९२७ साली सरकारने मुलकी विमानवाहतुकीचे स्वतंत्र खाते स्थापिले आणि १९२८ साली मुंबई, दिल्ली, कराची इत्यादी ठिकाणी उड्डाण-मंडळे निघाली. मुंबईच्या मंडळाचे स्थान जुहू येथे होते. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला पहिल्या क्रमांकाचा परवाना याच मंडळाच्या शिक्षणाचे फळ होय. या मंडळांतून मुख्यतः डी हॅविलंड कंपनीचे ‘मॉथ’ विमान वापरात होते. दोन पंखांच्या दोन जोड्या, उघडी बैठक, एकापुढे एक अशा दोन जागा आणि बेताचा वेग यांमुळे ते शिकण्यास सोयीचे होते.

आता परीक्षेने जे सांगितले नाही त्याकडे वळावे. नियमांत खांबांचे अंतर होते, उंचीची मर्यादा होती, आठांची संख्याही होती. वाऱ्याचा उल्लेख मात्र नव्हता. निर्वात दिवशी ही आकृती काढणे फारसे अवघड नाही. विमानाचा कल कायम ठेवला की वर्तुळ आपोआप साधते. वारा असला की सारेच बदलते. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी सत्तर मैल आहे आणि वारा ताशी पंधरा मैल वाहत आहे. वाऱ्याच्या पाठीवरून जाताना जमिनीवरचा वेग पंच्याऐंशी मैल होतो. वाऱ्याच्या तोंडावर जाताना तो पंचावन्न मैलांवर येतो. एकाच त्रिज्येच्या वर्तुळावर राहावयाचे तर वळणास लागणारे बल जमिनीवरील वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावे लागते, आणि या दोन वेगांच्या वर्गांचे प्रमाण सुमारे दोन पूर्णांक चार दशांश पडते. म्हणजे सुमारे साडेसातशे फूट त्रिज्येच्या वर्तुळावर वाऱ्यासमोर पंधरा अंशांचा कल पुरत असेल, तर वारा पाठीशी आल्यावर सुमारे तेहतीस अंशांचा कल द्यावा लागेल. वारा आडवा असता, मार्ग सरळ राखण्यासाठी विमानाचे नाक सुमारे बारा अंश वाऱ्याकडे वळवून धरावे लागते, ते वेगळेच. पंचगंगेच्या पुरात होडी पैलतीरी नेणारा नावाडी हेच करतो. त्याला उतरावयाचे असते समोरच्या घाटावर, पण होडीचे नाक तो वरच्या अंगाला धरतो. फरक एवढाच की नावाड्याला पाणी दिसते. वैमानिकाला हवा दिसत नाही. तिची चाल त्याला केवळ जमिनीवरच्या खुणेवरून ताडावी लागते.

हे न कळल्याने काय होते? कमी उंचीवर वारा पाठीशी असला की जमीन भरधाव मागे सरकताना दिसते. नवशिक्याला वाटते, आपला वेग फार झाला. तो यंत्राची शक्ती कमी करतो अथवा नाक वर घेतो. प्रत्यक्षात हवेतील वेग तेवढाच असतो, आणि पंखांना आधार देतो तो हाच वेग. तो घटला की पंखांवरील हवेचा आधार एकाएकी तुटतो. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. दुसरा प्रसंग उतरतानाचा. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी शेवटचे वळण घेत असता पाठीमागचा वारा विमानास त्या रेषेच्या पलीकडे ढकलतो. चूक सुधारण्यासाठी विद्यार्थी कल वाढविण्यास भितो आणि सुकाणूने विमानाचे नाक बळेच आत वळवितो. अशा ओढाताणीत एका बाजूच्या पंखाचा आधार आधी सुटला तर विमान गिरकी घेते, आणि तीनशे-चारशे फुटांवरून त्या गिरकीतून बाहेर पडण्यास उंची उरत नाही. विमान नादुरुस्त नसते, हवा वादळी नसते, विद्यार्थीही निष्काळजी नसतो. त्याच्या डोळ्यांनी त्याला चुकीची साक्ष दिलेली असते. भूलक्ष्यी उड्डाणाचा अभ्यास या खोट्या साक्षीची उलटतपासणी करण्यासाठी आहे.

ही उलटतपासणी गुरूने शिष्याकडून करवून घ्यावी, हा विचार प्रथम इंग्लंडात मूळ धरू लागला. १९१७ साली गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने वैमानिक-शिक्षणाची पद्धतशीर मांडणी केली. तोवर धोक्याच्या हालचालींपासून विद्यार्थ्यास दूर ठेवणे हीच सुरक्षितता मानली जात असे. स्मिथ-बॅरी यांनी ही समजूत उलटविली. धोका गुरूच्या देखत अनुभवावा, त्याचे कारण समजून घ्यावे आणि त्यातून सुटण्याची रीत हाताला लावून घ्यावी, असे त्यांचे तत्त्व होते. पुढील व मागील बैठकींमध्ये बोलण्याची नळी बसवून त्यांनी गुरुशिष्यांचा संवाद चालू केला. गॉस्पोर्टचेच नाव त्या नळीस पडले. पुढे याच परंपरेतील ब्रिटिश पाठक्रमात कमी उंचीवरील उड्डाण हा एक धडा झाला. वाऱ्यात वळताना विमान आत घसरते आहे वा बाहेर फेकले जात आहे असा जो भास होतो, तो भासच आहे, हे विद्यार्थ्यास त्या धड्यात दाखवून देत. हिंदुस्थानातील मंडळांनी हाच वारसा घेतला. १९४० पासून मुलकी मंडळांतून हवाई दलाच्या उमेदवारांना शिक्षण देण्यात येऊ लागले. पुढे बेगमपेठ व जोधपूर येथील प्राथमिक शाळांतून ‘टायगर मॉथ’ विमानांवर तरुणांच्या तुकड्या तयार झाल्या.

या परंपरेत एक उणीव मात्र राहिली आणि तिचे मूळ विमानाच्या रचनेत होते. टायगर मॉथमध्ये गुरू पुढे बसे व विद्यार्थी मागे. नळीतून शब्द पोहोचत. पण शिष्य पाहतो कोठे हे गुरूला कळत नसे. या अभ्यासात तर नजर हीच मुख्य. खुणेकडे डोळे लावून बसणारा विद्यार्थी उंची गमावतो. उपकरणांकडे पाहणारा खूण गमावतो. नजर दोन्हींमध्ये फिरती ठेवणे हीच खरी शिकवण. शिवाय खालच्या पंखाने जमिनीचा बराच भाग झाकला जाई. चूक घडून गेल्यावर ती विमानाच्या हालचालीवरून गुरूला समजे. चुकीचा उगम त्याला दिसत नसे.

या अभ्यासाला आज परिचित असलेली शिस्तबद्ध चौकट मिळाली ती मुख्यतः अमेरिकेत. १९३८ च्या अखेरीस तेथे मुलकी वैमानिक-शिक्षणाची योजना जाहीर झाली. विशेष हे की ती महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या द्वारे राबविण्यात आली. वर्गातील पाठ महाविद्यालयात आणि उड्डाण जवळच्या विमानतळावर, अशी तिची विभागणी होती. १९३९ ते १९४४ या अवधीत चार लाखांहून अधिक विद्यार्थी तीतून गेले. एवढ्या मोठ्या संख्येला शिकवावयाचे तर गुरूच्या वैयक्तिक हातोटीवर विसंबून भागण्यासारखे नव्हते. धडे ठरवून, त्यांना नावे देऊन, सोप्याकडून कठिणाकडे अशा क्रमाने ते छापावे लागले. आधी आयत, मग रस्त्यावरील अर्धवर्तुळे, त्यानंतर बिंदूभोवतीचे वर्तुळ व शेवटी आठ, असा तो क्रम होता. तीस वर्षांपूर्वी जो आठ परीक्षेच्या दारात उभा होता तो आता पाठक्रमाच्या शेवटी गेला आणि त्याच्या आधीच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. त्यातच एक अधिक सूक्ष्म आठ समाविष्ट झाला. त्यात विमानाच्या पंखाचे टोक खुणेवर स्थिर दिसत राहिले पाहिजे. हे विशिष्ट उंचीवरच घडते. जमिनीवरील ताशी वेग मैलांत घेऊन त्याचा वर्ग करावा व त्यास पंधराने भागावे, म्हणजे ती उंची फुटांत येते. सत्तर मैलांस ती सुमारे ३२७ फूट येते, पंच्याऐंशीस ४८२ फूट. वारा बदलतो तशी उंचीही बदलत न्यावी लागते. परीक्षेतील कसरत आणि पदार्थविज्ञान यांची येथे गाठ पडली.

तथापि या चौकटीत एक स्थानिक गृहीत दडलेले आहे. अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागांतील जमीन १७८५ च्या कायद्यापासून मैल-मैलाच्या चौरसांत मोजली गेली. तेथील रस्ते व कुंपणे उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम अशी सरळ धावतात. आयताचा धडा शिकविण्यास तेथे आयत शोधावा लागत नाही. तो पायांखाली आखलेलाच असतो. दख्खनच्या शिवाराचे तसे नाही. येथील बांध ओढ्याच्या वळणाने, वाटणीच्या हिशेबाने आणि जमिनीच्या उताराने पडलेले आहेत. म्हणून छापील धडा जसाच्या तसा उचलून येथे चालत नाही, आणि येथेच कोल्हापूरचा विचार उपयोगी पडतो.

उजळाईवाडीहून उडालेल्या वैमानिकाच्या दृष्टीने या मुलखाकडे पाहावे. प्रयाग चिखलीच्या संगमापासून वळणे घेत पूर्वेस नरसोबाच्या वाडीकडे जाणारी पंचगंगा, शहराच्या पश्चिमेचा रंकाळा, वायव्येस ज्योतिबाचा डोंगर व पन्हाळा, १८९१ साली मिरजेहून आलेला लोहमार्ग आणि पुणे-बंगलोर महामार्ग, या येथील ठळक खुणा होत. उसाचे फड एकमेकांसारखे दिसतात व तोडणीनंतर त्यांचे रूपच पालटते; ते खूण म्हणून भरवशाचे नव्हेत. उलट रस्त्याचा उपयोग मोठा. अर्धवर्तुळांच्या धड्यास वाऱ्याला आडवी रेषा लागते. येथील महामार्ग शहराजवळ स्थूलमानाने उत्तर-दक्षिण जातो आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. अशी जोडी मुद्दाम शोधूनही सहजी मिळत नाही. आजच्या धावपट्टीच्या दोन टोकांवरील ०७ व २५ हे आकडे तीच गोष्ट सांगतात. तिची दिशा स्थूलमानाने पश्चिम-नैर्ऋत्य आहे, म्हणजे ती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या रोखावर आहे. साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर वाऱ्याची दिशा दाखवितो. तळ्याच्या पाण्यावरील लहरीही दाखवितात.

दुसरी गोष्ट उंचीची. जुहूचे मैदान समुद्रसपाटीवर आहे; तेथे उंचीमापकावरील आकडा व जमिनीपासूनची उंची यांत नजरेत भरेल असा फरक नाही. उजळाईवाडीचा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच आहे. समुद्रसपाटीच्या मानाने लावलेला उंचीमापक येथे २,८०० दाखवितो तेव्हा विमान जमिनीपासून आठशे फुटांवरच असते. आणि पश्चिमेकडे सह्याद्रीची चढण लागली की तेवढेही अंतर उरत नाही. हवाही विरळ, त्यामुळे वेगमापकावर तोच आकडा असता विमानाचा हवेतील खरा वेग शेकडा तीन ते पाचांनी अधिक भरतो व वर्तुळ त्या मानाने मोठे पडते. किनाऱ्यावर शिकलेल्याने घाटमाथ्यावर आल्यावर हे हिशेब पुन्हा मांडावे लागतात. भूलक्ष्यी उड्डाण म्हणजे आकृत्यांचे पाठांतर नव्हे, ज्या भूमीवर उडावयाचे त्या भूमीचे वाचन होय, हे येथे स्पष्ट होते.

कोल्हापूरचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो विमानाच्या रचनेद्वारे येतो. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यात झाला. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात अभिकल्पाचे काम हाती घेतले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एचटी-२’ हे शिक्षण-विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. टायगर मॉथची जागा घेण्यासाठीच ते योजिले होते. त्यानंतर १९५८ साली ‘पुष्पक’ हे हलके विमान आले व देशातील उड्डाण-मंडळांतून ते दीर्घकाळ वापरात राहिले. पुष्पकाचा पंख बैठकीच्या वर होता, म्हणून खालची जमीन झाकली जात नसे. आणि दोन जागा शेजारी-शेजारी होत्या. गुरूला मान वळविली की शिष्याचे डोळे दिसत. हे फेरफार या एका धड्यासाठी केले गेले असे नव्हे; तशी रचना सोपी व स्वस्त पडते हेही खरे. परिणाम मात्र असा झाला की मॉथच्या काळातील उणीव मंडळांतील पुष्कळ विद्यार्थ्यांपुरती दूर झाली. चुकीचा उगम गुरूला आता दिसू लागला.

आज महाराष्ट्रात या विद्येची केंद्रे जुहूपासून दूर सरकली आहेत. महानगराच्या आकाशात नवशिक्यास फेऱ्या घालण्यास जागा राहिली नाही. जुहूच्या मंडळाचे उड्डाण-शिक्षण धुळ्यास गेले. बारामतीस शाळा निघाल्या. गोंदियाजवळ बिर्सी येथे २००८ साली राष्ट्रीय संस्था सुरू झाली. हा विद्यार्थी आता परत शिवारावर आला आहे. त्याच्यापुढे उपग्रहाच्या साहाय्याने जमिनीवरचा वेग व मार्ग आकड्यांत दाखविणारे पडदे आहेत, आणि या जुन्या धड्याची गरज ती काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

त्याचे उत्तर या इतिहासातच आहे. १९१० च्या परीक्षकाने खांबाशी उभे राहून आठ मोजले. तो आठ का बिघडतो हे त्याने सांगितले नाही. पुढील पिढ्यांनी ते कारण शोधले, त्याचे गणित मांडले, त्यास क्रम लावला आणि शेवटी गुरूला शिष्याच्या शेजारी आणून बसविले. पडदा पुन्हा त्या परीक्षकाचेच काम करतो. आकृती बिघडली एवढे तो अचूक सांगतो. उतरण्याच्या शेवटच्या वळणावर, तीनशे फुटांवर, वारा पाठीशी असता सुकाणूकडे जाणारा पाय आवरणारी जाण मात्र त्या आकड्यातून येत नाही. ती येते रस्त्याच्या दोन्ही अंगांस पुनःपुन्हा काढलेल्या, पुनःपुन्हा बिघडलेल्या आणि शेजारच्या गुरूने कारणासह दुरुस्त करविलेल्या अर्धवर्तुळांतून.